पुण्याच्या हवेत भाज्या आंबवताना: नोव्हेंबर ते एप्रिलच्या नोंदी

२४ नोव्हेंबर
स्वयंपाकघर सकाळी ७ ला २१ अंश, दुपारी ३ ला २५. पुण्यात हे काम सुरू करायला याहून चांगले दिवस नाहीत. भाज्या आंबवण्याच्या बऱ्याच कृती थंड मुलखातून आल्या आहेत. त्यातलं ‘चार आठवडे ठेवा’ हे १८ अंशांच्या तळघरासाठी खरं आहे, कोथरूड-हडपसरच्या ओट्यासाठी नाही. म्हणून प्रत्येक बरणीपुढे दिवसांबरोबर तापमान आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितका खार आंबट) लिहायचं. काढायची वेळ कॅलेंडरवरून ठरवायची नाही.

सामान जमवलं. दीड लिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या ४. चिनी मातीची बरणीही चालते, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि जुन्या बरणीला आतून केसासारखे तडे गेले असतील तर त्यात खार मुरतो आणि धुऊनही घाण निघत नाही. तांब्या-पितळेचं आणि ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, आंबट खार धातू खातो. हलक्या प्रतीच्या स्टीलच्या वाटीवरही दोन-तीन आठवड्यांत ठिपके पडतात, त्यामुळे भाजी खाराखाली दडपून ठेवायला बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी काचेची वाटी घेतली.

एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवाच. मीठ चमच्याने मोजलं की घोटाळा झालाच म्हणून समजा: चहाचा सपाट चमचा बारीक मीठ ६ ग्रॅमच्या आसपास भरतं, जाडं मीठ त्याच चमच्यात बरंच कमी. मीठ कुठलं, हा प्रश्न त्यामानाने छोटा आहे. आयोडीनच्या मिठाने भाजी आंबत नाही, हा समज चुकीचा. त्यात किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन असतं, तेवढ्याने भाजी आंबवणारे जिवाणू मरत नाहीत. गोळे होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थामुळे खार थोडा गढूळ दिसतो, इतकंच. आम्ही जाडं समुद्री मीठ वापरतो आणि मिक्सरमधून एकदा फिरवून घेतो, म्हणजे ते लवकर विरघळतं.

पीएचच्या पट्ट्या २.८ ते ४.६ च्या टप्प्यातल्या घ्याव्यात. १ ते १४ दाखवणाऱ्या पट्टीवर ३.५ आणि ४.५ यांतला फरक कळत नाही, आणि आपल्याला तोच फरक पाहायचा असतो.

१ डिसेंबर
मंडईतून कोबी आणला. गड्डा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, दाबला तर पानं करकरली पाहिजेत. हलका, पोकळ गड्डा पाणी सोडत नाही.

बाहेरची दोन पानं काढून बाजूला ठेवली. आतला कोबी नळाखाली नुसता विसळला. व्हिनेगरच्या किंवा औषधी पाण्यात बुडवून ठेवला नाही, कारण जे जिवाणू हे सगळं काम करणार ते पानांवरच बसलेले असतात. फ्लॉवरच्या बाबतीत ही चूक हमखास होते. अळ्या निघाव्यात म्हणून तुरे गरम मिठाच्या पाण्यात टाकायची आपली पद्धत आहे. भाजीसाठी ती उत्तम, आंबवण्यासाठी घातक. फ्लॉवर घालायचाच असेल तर तुरे गार मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवावेत आणि बरणीत कच्च्या कोबीचं एक पान टाकावं.

मधला दांडा काढून कोबी २-३ मिलिमीटर रुंद चिरला. किसणीने किसलेला कोबी आठवड्यात मेणचट होतो. प्रत्येकी १ किलोचे तीन वाटे केले आणि मीठ वेगवेगळं घातलं:
अ: १५ ग्रॅम (दीड टक्का)
ब: २० ग्रॅम (२ टक्के)
क: ३० ग्रॅम (३ टक्के)

मीठ टाकून दोन मिनिटं हलक्या हाताने चोळलं आणि परातीवर ताट झाकून अर्धा तास सोडून दिलं. या अर्ध्या तासात मिठाने स्वतःच पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे पुढचं मळणं निम्म्यावर येतं. नंतर मूठभर कोबी घेऊन पिळत गेलो. पानं काचेसारखी अर्धपारदर्शक झाली आणि मूठ आवळल्यावर बोटांच्या फटींतून धार लागली की थांबायचं.

बरणीत एकेक मूठ टाकून दट्ट्याने दाबत भरलं, मध्ये हवेची पोकळी ठेवली नाही. वर बाजूला ठेवलेलं पान घडी करून, त्यावर काचेची वाटी. खार कोबीच्या २ सेंटिमीटर वर आला पाहिजे. बरणी तीन-चतुर्थांशच भरली, कारण गॅस झाला की सगळं वर उचललं जातं. झाकण लावलं पण घट्ट आवळलं नाही. खाली ताटल्या.

३ डिसेंबर
अ आणि ब फसफसत आहेत. खार ताटलीत सांडला. वाटी हलवून, दट्ट्याने दाबून अडकलेले बुडबुडे सोडवले आणि सांडलेला खार टाकून दिला. वास कच्च्या मुळ्यासारखा, थोडा गंधकी. घाबरून बरणी फेकू नये, चौथ्या-पाचव्या दिवशी हा वास जातो.

ज्यांनी झाकण घट्ट लावलं असेल त्यांनी पहिले पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ ते किंचित सैल करून गॅस सोडायलाच हवा. काच फुटू शकते.

४ डिसेंबर
पीएच: अ ४.१, ब ४.३, क ४.७. मर्यादा ४.६ ची. त्याखाली बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही. क ला जास्त मिठामुळे वेळ लागतोय, पण मिठाचाही पहारा आहेच. उद्या पुन्हा पाहायचं.

५ डिसेंबर
क ४.४. ठीक.

२२ डिसेंबर
तिन्ही बरण्या काढल्या, २१ दिवसांनी. पीएच अ ३.५, ब ३.५, क ३.७.

अ: आंबटपणा छान, पण वरचा थर मऊ पडलाय. मीठ कमी असलं की भाजीतली स्वतःची विकरं (एन्झाइम) तिला कडक ठेवणारं पेक्टिन जास्त वेगाने तोडतात.
ब: दाताखाली कुरकुरीत, आंबट, मागे हलकी फळासारखी चव.
क: सर्वांत कुरकुरीत, पण नुसतं खाववत नाही इतकं खारट.

थंडीत कोबीला २ टक्के कायम केलं. हवा तापली की अडीच.

ती फळासारखी चव कुठून येते, ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू करतात. ते लॅक्टिक आम्लाबरोबर थोडं ॲसेटिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि मॅनिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ बनवतात. पहिल्या दिवसांतली फसफस त्यांचीच. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि लॅक्टोबॅसिलस कुळातले, विशेषतः प्लँटारम, काम पुढे नेतात. ते मुख्यतः लॅक्टिक आम्लच बनवतात. पहिल्या मंडळींना १८ ते २२ अंश मानवतात. ३० च्या वर त्यांची पाळी लवकर आटोपते आणि भाजी सरळसोट आंबट होते. पुण्यात मे महिन्यात घातलेला कोबी डिसेंबरसारखा का लागत नाही, त्याचं कारण हे.

बरण्या फ्रीजमध्ये गेल्या. ४-५ अंशांत आंबणं अगदी मंद चालू राहतं; तीन-चार महिने सहज टिकतो.

खाण्याविषयी. गरम केलं की जिवाणू मरतात, म्हणून पोळीच्या भाजीसारखा परतू नये. पिठलं-भाकरीबरोबर किंवा थालीपिठावर गारच घ्यावा. हिंग-मोहरीची फोडणी करून ती पूर्ण गार होऊ द्यावी आणि मग कोबीवर ओतावी. आंबट चवीला हिंग फार शोभतो. खिचडीत घालायचा तर ताटात वाढल्यावर.

पोटाच्या फायद्याबद्दल जेवढं पक्कं आहे तेवढंच लिहितो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने १० आठवडे दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. पण ती माणसं दिवसाला सरासरी सहा वाढपं खात होती. जेवणात चमचाभर कोबी घेऊन तेवढ्याची अपेक्षा धरू नये. चमचाभर रोज, ताकदह्याच्या जोडीला, हा आपल्या ताटाला झेपणारा मार्ग. सवय नसेल तर पहिला आठवडा एक चमचाच. एकदम वाटीभर खाल्लं की पोट फुगतं.

मिठाचा हिशेबही मांडायला हवा. २ टक्क्यांचा ५० ग्रॅम कोबी म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये.

२८ डिसेंबर
ओली हळद, आवळे आणि हिरव्या मिरच्या एकत्रच बाजारात आहेत, तेव्हा एकाच बरणीत.

आपल्या खारातल्या मिरच्या आणि आवळे हे याच कामाचे जुने नातेवाईक. लिंबाचं लोणचं मात्र त्यात बसत नाही. तिथे लिंबाचं स्वतःचं आम्ल आणि भरमसाट मीठ यांनीच फोड टिकते. जिवाणूंना वाव नसतो.

या भाज्या कोबीसारखं पाणी सोडत नाहीत, त्यांना मिठाचं पाणी वरून लागतं. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मीठ फक्त पाण्यावर मोजलं तर भाजी त्यातलं मीठ शोषते आणि सगळं पातळ होतं. ६०० ग्रॅम पाण्याला साडेतीन टक्के म्हणजे २१ ग्रॅम मीठ. त्यात ५०० ग्रॅम भाजी टाकली की प्रत्यक्षात राहिलं १.९ टक्के. म्हणून भाजी आणि पाणी दोन्हींचं वजन धरायचं.

आजचं माप: ओली हळद १५० ग्रॅम (सोलून, पातळ चकत्या), आवळे २५० ग्रॅम (बिया काढून फोडी), मिरच्या १०० ग्रॅम (उभी चीर देऊन), पाणी ६०० ग्रॅम. एकूण ११००, ४ टक्क्यांनी मीठ ४४ ग्रॅम. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी १० मिनिटं उकळून पूर्ण गार केलं आणि मगच मीठ विरघळवून ओतलं. कोमट पाणी घाईने ओतणं हा मिरच्या लिबलिबीत होण्याचा सोपा मार्ग आहे.

मिरचीला चीर किंवा टोचा नसेल तर ती आतल्या हवेमुळे तरंगते, आणि तरंगली की देठाशी बुरशी धरते.

८ जानेवारी
हळदीची बरणी, ११ दिवस, २१-२३ अंश. पीएच ३.४. आवळ्याचं आम्ल मुळातच असल्यामुळे या बरणीला सुरुवातीपासून मदत होती. आवळ्याचा तुरटपणा उतरलाय, मिरचीचा तिखटपणा खारात आला. हा खार ताकात चमचाभर घालावा. ओटा, काटा आणि नखं पिवळी झाली, ती मात्र चार दिवस तशीच राहतात. हळद सोलताना हातमोजे घालावेत.

११ जानेवारी
बीट-गाजराची कांजी, म्हणजे उत्तरेकडचं आंबवलेलं पेय. लाल दिल्ली गाजरं २५० ग्रॅम, बीट २५० ग्रॅम, गार केलेलं पाणी ३ लिटर, मीठ ४५ ग्रॅम, मोहरीची जाडसर पूड ३० ग्रॅम, तिखट १ चमचा. दोन्ही भाज्या करंगळीएवढ्या जाड कांड्या करून. किसून घातल्या तर बिटातली साखर एकदम पाण्यात उतरते. मग जिवाणूंच्या आधी यीस्ट जोर धरतं आणि दारूसारखा वास येतो.

तोंडाला फडकं बांधून गच्चीवर सकाळच्या उन्हात तीन तास, मग घरात. रोज एकदा कोरड्या डावाने तळापासून ढवळायचं.

१५ जानेवारी
पीएच ३.६. रंग रक्तासारखा, मोहरीचा झणका नाकात जातो. गाळून बाटल्यांत, फ्रीजमध्ये. मीठ इथे कमी (सव्वा टक्क्याच्या आसपास), त्यामुळे ही दोन आठवड्यांत संपवावी. एका बाटलीतली कांजी ओतताना तार धरत होती. बिटातल्या साखरेपासून (उसात असते तीच) ल्युकोनॉस्टॉक चिकट डेक्स्ट्रान बनवतात, त्याचा हा परिणाम. वास चांगला असेल आणि पीएच उतरलेला असेल तर अपायकारक नाही. पुढच्या वेळी बीट निम्मं करून गाजर वाढवायचं.

१ फेब्रुवारी
काकड्या, पहिला घाणा. ५०० ग्रॅम काकडी, ५०० ग्रॅम पाणी, ३० ग्रॅम मीठ (३ टक्के), लसणाच्या ८ पाकळ्या, मिरे, बडीशेप. तापमान २४-२६.

९ फेब्रुवारी
फसलं. काकड्या चवीला बऱ्या, पण बोटाने दाबल्या की आत जातात. दोन तर मधून पोकळ. कारणं तीन:

काकड्या मोठ्या आणि दोन दिवसांच्या शिळ्या होत्या. फुलाकडचं टोक कापलं नव्हतं. पेक्टिन तोडणारी विकरं त्याच टोकाला एकवटलेली असतात, ३ मिलिमीटरची चकती काढली तरी पुरतं. आणि २५ अंशांना ३ टक्के मीठ काकडीला अपुरं आहे.

खाराच्या वर सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आला होता, जुन्या दुधावरच्या सायीसारखा. ही बुरशी नव्हे, यीस्ट आहे. सपाट, पांढरा, कोरडा पापुद्रा असेल तर चमच्याने काढून टाकावा, बरणीचं तोंड पुसावं आणि खाली वास ठीक असेल तर वापरावं. लोकरीसारखी, उभी, हिरवी-काळी किंवा गुलाबी वाढ दिसली तर वरचं काढून खालचं वाचवायच्या फंदात पडू नये, सगळी बरणी टाकावी. कोबी एके ठिकाणी गुलाबी झाला तर मीठ नीट कालवलं गेलं नव्हतं असं समजावं, तोही टाकावा.

लसूण निळसर-हिरवा झालाय. तो आम्लामुळे होतो, बिनधास्त खावा. तळाशी बसलेला पांढरा गाळ म्हणजे जिवाणूच.

१० फेब्रुवारी
काकड्या, दुसरा घाणा. बोटभर लांबीच्या कोवळ्या काकड्या, सकाळी आणून तासभर बर्फाच्या पाण्यात. दोन्ही टोकं कापली. मीठ ४.५ टक्के: ५०० अधिक ५०० ला ४५ ग्रॅम. कापडाच्या पुरचुंडीत कोरडी चहापत्ती अर्धा चमचा, कारण चहातलं टॅनिन त्या विकरांना आवर घालतं.

कुरकुरीतपणासाठी खायचा चुना घालावा का, असं बरेच जण विचारतात. खारात घालू नये. चुना आम्ल मारतो, पीएच वर जातो, आणि मग ज्या आम्लाच्या भरवशावर बरणी सुरक्षित असते तेच उरत नाही.

१७ फेब्रुवारी
सात दिवस, पीएच ३.६ च्या खाली उतरला. काकडी मोडल्यावर ‘कट्’ असा आवाज. याहून जास्त बाहेर ठेवायची नाही, फ्रीजमध्ये.

८ मार्च
स्वयंपाकघर दुपारी २९. कोबी २.५ टक्क्यांनी, सोबत ५ टक्के आल्याचा कीस. डिसेंबरला २१ दिवसांत जे झालं ते इथे ९ दिवसांत: १७ मार्चला पीएच ३.५. चव थोडी एकसुरी, पण चांगली. बरणी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खार झाकणापर्यंत आला होता. उन्हाळ्यात बरणी दोन-तृतीयांशच भरावी.

१२ एप्रिल
बाहेर ३९, स्वयंपाकघर ३२. आता नुसती बरणी ओट्यावर ठेवून भागणार नाही. मातीच्या मोठ्या कुंडीत चार बोटं ओली वाळू, त्यात बरणी, भोवती पुन्हा वाळू खांद्यापर्यंत, वर ओलं गोणपाट. सावलीच्या, वारा खेळणाऱ्या खिडकीत. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची. पुण्याचा एप्रिल कोरडा असतो, पाणी झपाट्याने उडतं आणि उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच.

दुपारी ३ ला मोजलं: खोलीत ३२, वाळूत २५. सात अंशांचा फरक, विजेशिवाय.

एक बरणी वाळूत, एक ओट्यावर, दोन्हींत तोच कोबी, अडीच टक्के मीठ.

१६ एप्रिल
ओट्यावरची: पीएच ३.५, चौथ्याच दिवशी. मऊ, नुसती आंबट, मागे कसलीच चव नाही. लगेच फ्रीजमध्ये. वाळूतली: ४.०, अजून फसफसतेय, वास गोडसर.

२२ एप्रिल
वाळूतली काढली. दहा दिवस, ३.५. कुरकुरीत आहे, डिसेंबरच्या ब बरणीच्या जवळ जाणारी.

जूनमध्ये हवा दमट झाली की वाळूतलं पाणी उडणार नाही आणि कुंडीचा उपयोग संपेल. तेव्हा बरणी दोन दिवस बाहेर, पट्टीवर ४.३ दिसलं की फ्रीजमध्ये, आणि तिथे पाच आठवडे. पहिली तशी बरणी १५ जूनला घालायची. कोबी पावसाळी, पाणचट मिळेल, तेव्हा मीठ अडीचच ठेवायचं.